पोराला सीट मिळेल, पगार कोण देणार?

वाचक विचारतात:

आम्ही सांगली जिल्ह्यातले द्राक्षबागायतदार. धाकट्या मुलाला १८ पूर्ण झाली. लहानपणी मामाने त्याला कोल्हापूरला मोहित्यांच्या ट्रॅकवर कार्टिंगला नेलं आणि तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नाही. दोन वर्षं तो कोइमतूरला एलजीबी फॉर्म्युला ४ या देशी मालिकेत पळाला. गेल्या वर्षी एफआयए या मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेच्या इंडियन एफ४ मध्ये एक हंगाम केला, त्यात एकदा तिसरा आला. आता एक मॅनेजर भेटलेत. युरोपात एफ४ चा एक हंगाम केला की दोन वर्षांत एफ३, असं ते म्हणतात. त्यासाठी यांनी हायवेलगतची दोन एकर बाग विकायला काढलीय. इसार अजून घेतलेला नाही. मुलाला वालचंदला मेकॅनिकलला प्रवेश मिळतोय, पण तो सोडायचा म्हणतो. 'एफ१ नाही तर काहीच नाही,' हे त्याचं पालुपद. मोठी मुलगी गप्प आहे. मला यातलं काही कळत नाही, आणि मी आडवी येतेय असं घरात सगळ्यांना वाटतं. यात खरंच पोट भरतं का?

- एक आई

ताई,

आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. या एका हंगामासाठी बाग विकू नका. मुलाचं रेसिंगही बंद करू नका. तुमच्या घरात या दोन गोष्टी एकमेकींसमोर उभ्या केल्या गेल्यात, म्हणून तुम्ही आडव्या येणाऱ्या ठरलात. खरं तर त्यांचा आपसातला संबंध फार थोडा आहे.

फॉर्म्युला १ चा विषय पहिल्यांदा मिटवू. तो मध्ये असेपर्यंत घरात दुसरं काही बोलताच येणार नाही. तुमचा मुलगा तिथे जाणार नाही. त्याच्या कौशल्यावर हा शेरा नाही, मी त्याला गाडी चालवताना पाहिलेलं नाही. हा निव्वळ वयाचा हिशोब आहे. फॉर्म्युला १ कडे चढणाऱ्या शिडीची खालची पायरी एफ४, तिच्यावर एफ३, मग एफ२. युरोपातल्या पोरांच्या हातात एफ४ ची गाडी १५व्या वर्षी येते. मॅक्स व्हर्स्टापेन २०१५ मध्ये फॉर्म्युला १ च्या पहिल्या शर्यतीला उतरला तेव्हा १७ वर्षांचा होता. किमी अँटोनेल्ली २०२५ मध्ये मर्सिडीझच्या गाडीत बसला तो १८व्या वर्षी. त्यात सुपर लायसन्स, म्हणजे फॉर्म्युला १ चा परवाना, नावाची चाळणी आहे. तीन हंगामांत मिळून ४० गुण लागतात. एफ४ ची मालिका जिंकणाऱ्याला १२ मिळतात, एफआयएची एफ३ जिंकणाऱ्याला ३०, आणि एफ२ मध्ये पहिल्या तिघांना थेट ४०. एवढं सगळं जमवून जगात जागा किती, तर २२. त्याही कॅडिलॅक आल्यामुळे २०२६ पासून, आधी वीसच होत्या. आजवर भारतातून तिथे शर्यत पळाले ते दोघंच, नारायण कार्तिकेयन आणि करुण चंडोक.

मुंबईच्या जेहान दारुवालाचं उदाहरण मुलाला ठाऊक असेलच, पण त्याच्या वडिलांना ते सावकाश सांगा. २०११ मध्ये फोर्स इंडिया या फॉर्म्युला १ संघाने देशभर मुलांचा शोध घेतला, त्यात जेहान निवडला गेला. मिसरूड फुटायच्या वयात परदेशात पळायला लागला. २०१९ मध्ये एफआयएच्या एफ३ मध्ये सबंध हंगामात तिसरा आला. रेड बुल या फॉर्म्युला १ संघाने त्याला आपल्या ज्युनिअर ड्रायव्हरांत घेतलं. २०२० ते २०२३ असे चार हंगाम एफ२ मध्ये काढले, बहारीनमधल्या साखीरला जिंकला, इटलीतल्या मोन्झाला जिंकला. २०२२ मध्ये मॅक्लारेनने सिल्व्हरस्टोनला आपली जुनी फॉर्म्युला १ गाडी चालवायला दिली. आणि जागा मिळाली नाही ती नाहीच. मग महिंद्राच्या फॉर्म्युला ई, म्हणजे विजेवरच्या गाड्यांच्या मालिकेतल्या, संघाचा तो राखीव ड्रायव्हर झाला, २०२३-२४ मध्ये मासेरातीसाठी एक हंगाम पळाला, पुढच्या वर्षी त्या संघाने दोन्ही ड्रायव्हर बदलले. जेहानच्या हाताशी वय, पैसा, रेड बुलचं नाव, चांगले संघ, सगळं होतं. तुमच्या मुलाकडे यातलं काय आहे, हे मी विचारायची गरज नाही.

आता पैशाचं. फॉर्म्युला २ चा एक हंगाम २०-३० लाख युरोंना पडतो, असं या वर्तुळात सर्रास बोललं जातं. युरोपातल्या एफ४ चा चांगल्या संघातला हंगाम त्याच्या कितीतरी खाली असला तरी आपल्या हिशोबात कोटींतच मोजावा लागतो. आणि हा खर्च दरवर्षी नव्याने उभा राहतो. दुसऱ्या वर्षी तो वाढतो, कारण वरच्या पायरीची गाडी महाग, टायर महाग, सरावाचे दिवस महाग. म्हणजे पहिल्या वर्षी मुलगा चांगला पळाला तर दुसऱ्या वर्षी तुमच्याकडे विकायला काही शिल्लक नाही, आणि वाईट पळाला तर विकलेलं परत येत नाही. बाग विकून तिच्यासाठी एका हंगामाची फवारणीची औषधं आणण्यातला हा प्रकार आहे. हे वाक्य तुमच्या यजमानांना माझ्या नावावर खुशाल ऐकवा, द्राक्षवाल्या माणसाला ते माझ्यापेक्षा जास्त कळेल.

मोठी मुलगी गप्प आहे म्हणता. बाग वडिलोपार्जित असेल तर तिचाही हक्क मुलाइतकाच आहे. तिला जेवणाच्या ताटावर नव्हे, नीट समोर बसवून विचारा.

इथवर वाचून मुलाने मोबाइल बाजूला फेकला असेल. त्याला परत बोलवा, कारण त्याच्या कामाचं आता सुरू होतंय. या खेळात पगार घेऊन, घर चालवून, पन्नाशीपर्यंत गाडी चालवणारी माणसं आहेत, आणि बरीच आहेत. फक्त टीव्हीवर रविवारी दिसणाऱ्या शर्यतीत ती दिसत नाहीत.

एक प्रसंग सांगतो. जून २००९, फ्रान्समधलं ले मान्स, २४ तासांची शर्यत. एका गाडीला तीन ड्रायव्हर, आळीपाळीने चालवायचं. कोल्लेस नावाच्या खाजगी संघाकडे ऑडीची गाडी होती आणि तिघांत एक आपला नारायण कार्तिकेयन. सुरुवातीच्या आधी पिटची, म्हणजे गाड्या थांबतात त्या जागेची, भिंत ओलांडताना तो पडला आणि खांदा निखळला. शर्यत गेली. उरलेल्या दोघांनी, म्हणजे चार्ल्स झ्वोल्समन आणि आंद्रे लोटेररने, तिघांची गाडी दोघांत चालवून सातव्या नंबरावर आणली. कोणी जिंकलं-बिंकलं नाही. पण ऑडीच्या कारखान्याची माणसं बघत होती. एका जुन्या, खाजगी संघाच्या गाडीत हा लोटेरर रात्रभर एकसारख्या लॅप मारतोय, गाडी कुठे आपटत नाही, थकून वेळ ढासळत नाही. पुढच्या वर्षी तो ऑडीच्या मुख्य संघात होता. २०११, २०१२, २०१४ अशी तीन वेळा त्याने ले मान्स जिंकली.

आता हा लोटेरर त्याआधी कुठे होता? २००२ मध्ये तो जग्वारच्या फॉर्म्युला १ संघाचा चाचणी ड्रायव्हर होता, विशीतला. शर्यतीची जागा काही मिळाली नाही. घरात बसून रडण्याऐवजी तो जपानला गेला. तिथे टोयोटा, होंडा, निस्सान या कंपन्या सुपर जीटीसारख्या मालिकांत आपापल्या गाड्यांसाठी ड्रायव्हर कराराने नेमतात, त्यांना मानधन देतात. २००६ आणि २००९ मध्ये तो सुपर जीटीचा विजेता झाला, २०११ मध्ये फॉर्म्युला निप्पॉन या जपानी मालिकेचा. युरोपात त्याचं नाव कुणी घेत नव्हतं तेव्हा तो टोकियोकडे नोकरी करावी तशी शर्यत करत होता. गंमत पुढे आहे. २०१४ मध्ये बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर केटरहॅमने त्याला एका शर्यतीसाठी फॉर्म्युला १ च्या गाडीत बसवलं. एक लॅप होते न होते तोच गाडी बंद पडली. संपली त्याची फॉर्म्युला १ कारकीर्द. पुढच्या मोन्झाच्या शर्यतीला बोलावणं आलं, तर तो नको म्हणाला. नको म्हणायची ऐपत त्याच्याकडे होती. दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, तो पोर्शेकडून वर्ल्ड एन्ड्युरन्स चॅम्पियनशिपचा, म्हणजे ले मान्ससारख्या लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या जागतिक मालिकेचा, विजेता होता.

ब्रेंडन हार्टलीची गोष्ट तुमच्या मुलाला जास्त लागेल. न्यूझीलंडचा हा पोरगा रेड बुलच्या ज्युनिअरांत होता. २०१० मध्ये, हंगाम अर्धाच झालेला असताना, त्याला काढून टाकलं. वय २०. त्याने मर्सिडीझच्या सिम्युलेटरवर काम धरलं. कारखान्यात एका अंधाऱ्या खोलीत बसून, जी गाडी आपण कधी चालवणार नाही तिच्या शेकडो लॅप मारायच्या आणि इंजिनिअरांना सांगायचं की मागचा भाग वळणात शिरताना सुटतोय की बाहेर पडताना. नाव नाही, टाळ्या नाहीत. पण बोलायला शिकला. २०१४ मध्ये पोर्शेने त्याला घेतलं, २०१५ मध्ये तो एन्ड्युरन्सचा जगज्जेता झाला आणि २०१७ मध्ये ले मान्ससकट पुन्हा एकदा. ज्या रेड बुलने काढलं, त्यांनीच त्याच वर्षी टोरो रोसो या आपल्या दुसऱ्या संघात फॉर्म्युला १ साठी बोलावलं. २०१८ चा पूर्ण हंगाम पळाला, चार गुण मिळाले, परत नारळ. मग टोयोटा, मग २०२० आणि २०२२ ची ले मान्स, २०२२ आणि २०२३ ची आणखी दोन जागतिक विजेतेपदं. हा माणूस फॉर्म्युला १ मध्ये अपयशी ठरला असं म्हणायचं असेल तर म्हणू शकता. मला तरी त्याच्या घरात पैशाची चणचण असेल असं वाटत नाही.

हे सगळे मोठ्या कंपन्यांचे गडी झाले. त्यांच्या खाली एक थर आहे. तुमच्या मुलाची खरी संधी तिथे आहे आणि तुमच्या मॅनेजरने त्याबद्दल बहुधा अवाक्षर काढलेलं नाही.

जीटी शर्यतींत पोर्शे, फेरारी, मर्सिडीझ, अ‍ॅस्टन मार्टिन अशा रस्त्यावरच्या गाड्यांच्या शर्यतीसाठी बांधलेल्या आवृत्त्या पळतात. या शर्यती चालतात कशावर? हौशी श्रीमंतांवर. हाँगकाँगचा कोणी उद्योजक, बँकॉकचा कोणी हॉटेलवाला, वय ४५-५०, आयुष्यभर पैसा कमावला आणि आता शर्यत पळायची हौस. एफआयए जगभरच्या ड्रायव्हरांना चार गटांत टाकते: ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. हौशी माणूस ब्रॉन्झ. मोठमोठ्या मालिका जिंकलेला व्यावसायिक गोल्ड किंवा प्लॅटिनम. तिशीच्या आतला, अजून मोठं काही न जिंकलेला तरुण साधारणपणे सिल्व्हर. आणि एन्ड्युरन्सच्या जागतिक मालिकेतल्या एलएमजीटी३ वर्गात, आशियाई ले मान्स मालिकेच्या जीटी वर्गात, गाडीत एक ब्रॉन्झ असलाच पाहिजे असा नियमच आहे. त्याला ठरलेला किमान वेळ गाडी चालवावीच लागते, व्यावसायिकाला सगळी शर्यत ओढून नेता येत नाही.

यातून काय होतं बघा. प्लॅटिनम ड्रायव्हर सगळे साधारण सारखेच वेगवान. शर्यत ठरते ती कोणाचा ब्रॉन्झ कमी हळू आहे आणि कोणाचा सिल्व्हर जास्त वेगवान आहे यावर. त्यामुळे वेगवान, न आपटणारा, समजूतदार सिल्व्हर सगळ्या संघांना हवा असतो. तुमचा मुलगा आज जिथे उभा आहे, तिथून त्याला हीच पाटी मिळणार. फॉर्म्युला १ च्या बाजाराला जे १८ वर्षं म्हणजे म्हातारपण वाटतं, ते इथे अगदी कोवळं वय आहे. (या खेळात असेही ड्रायव्हर आहेत, जे फार जिंकल्यामुळे सिल्व्हरचे गोल्ड झाले आणि बढती मिळाली म्हणून हळहळले. गोल्डच्या जागा कमी.)

पण त्या जागेवर करायचं काम एफ४ पेक्षा वेगळं आहे. सराव संपल्यावर हौशी मालक घामाघूम होऊन गाडीतून उतरतो. ट्रकच्या मागे टेबलावर लॅपटॉप, त्यावर दोन रेषा, लाल तुमच्या मुलाची, निळी मालकाची. ब्रेकचा आलेख. लाल रेष सरळ भिंतीसारखी वर जाते, म्हणजे त्याने ब्रेक एकदम, पूर्ण ताकदीने दाबला, आणि मग वळणाच्या पोटात शिरेपर्यंत ती हळूहळू उतरते. निळी रेष आधीच, घाबरत वर चढते, अर्ध्यावरच थांबते आणि वळण यायच्या आधी धाडकन खाली येते. मालकाला वाटतंय आपण खूप उशिरा ब्रेक मारतोय. लॅपटॉप सांगतोय वीस मीटर आधी. आता १९-२० वर्षांच्या पोराने आपल्या वडिलांच्या वयाच्या, आपल्याला पैसे देणाऱ्या माणसाला हे असं सांगायचं की त्याचा अपमान होऊ नये, दुपारच्या फेरीत तो अर्धा सेकंद वेगवान व्हावा आणि गाडी भिंतीलाही लागू नये. हे ज्याला जमतं त्याला पुढच्या हंगामाचा फोन येतो. नुसता वेगवान पोरगा संघांना सहज मिळतो.

ड्रायव्हर बदलतानाची गडबडही मुलाने यूट्यूबवर नीट बघावी. इंधन चालू, उतरणारा ड्रायव्हर बाहेर पडतो, बसणाऱ्याचे पट्टे ओढून देतो, रेडिओची वायर, पाण्याची नळी जोडतो, दार लावतो. ज्याच्या सीटवर बसायचं त्याची उंची वेगळी, म्हणून सीटमध्ये तडजोड. ब्रेकचा समतोल स्वतःला आवडतो तसा नाही, तिघांना चालेल तसा. एकट्याच्या गाडीची सवय लागलेल्या मुलांना यात पहिला हंगाम फार जड जातो.

नारायणची पूर्ण कारकीर्द तुमच्या यजमानांना वाचून दाखवा, कारण त्यांना तो फक्त 'एफ१ वाला' म्हणून माहीत असणार. २००५ मध्ये जॉर्डन नावाच्या संघाकडून फॉर्म्युला १ मध्ये आला तेव्हा २८ वर्षांचा, मागे टाटांचं पाठबळ. त्याच वर्षी इंडियानापोलिसला चौथा आला, त्या शर्यतीत मिशेलिनच्या टायरच्या भानगडीमुळे सहाच गाड्या पळाल्या. पुढे विल्यम्सचा चाचणी ड्रायव्हर. मग ए१ जीपी या देशोदेशींच्या संघांच्या मालिकेत भारताच्या गाडीत. मग तो ले मान्सचा खांदा. २०१० मध्ये अमेरिकेत नॅस्कारच्या पिकअप ट्रकांच्या शर्यती. २०११-१२ मध्ये एचआरटी संघाकडून पुन्हा फॉर्म्युला १, सगळ्यांत मागच्या गाडीत. २०१४ पासून जपान, सुपर फॉर्म्युला, आणि २०१९ मध्ये सुपर जीटी. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये फूजीला जपानच्या सुपर जीटी आणि जर्मनीच्या डीटीएम मालिकेच्या गाड्यांच्या एकत्र दोन शर्यती झाल्या, त्यांतली दुसरी ४२व्या वर्षी त्याने जिंकली. बेंगळुरूच्या अर्जुन मैनीनेही एफ२ चा हट्ट वेळीच सोडला, ले मान्स केलं आणि जर्मनीत डीटीएममध्ये जम बसवला, आधी मर्सिडीझ, मग फोर्ड. मला विचाराल तर आज तुमच्या मुलाने कोणाची पावलं मोजायची, तर अर्जुनची.

रॅलीचं दार वेगळं. आपल्या पुण्याचे संजय टकले मोटोक्रॉसच्या दुचाकीवरून रॅलीच्या मोटारीत गेले, आशिया-पॅसिफिकच्या रॅली केल्या आणि पन्नाशी उलटल्यावर २०२५ मध्ये डकार क्लासिक या वाळवंटातल्या रॅलीला उतरले. ते दार उशिराही उघडतं. म्हणून आज त्यावर वेळ घालवत नाही.

वालचंदचा प्रवेश सोडू नये. याचं कारण 'पदवी असलेली बरी' हे नाही. लॅपटॉपवरच्या त्या रेषा ज्याला वाचता येतात, सस्पेन्शनचं गणित ज्याला कळतं, तो ड्रायव्हर इंजिनिअरला अर्ध्या वाक्यात कळवू शकतो. शिवाय इंजिनिअरिंगची पोरं फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धांसाठी स्वतः गाडी बांधतात आणि कोइमतूरच्याच करी ट्रॅकवर पळवतात. तुमच्या मुलाला तो ट्रॅक पाठ आहे. कॉलेजच्या टीमला असा पोरगा मिळाला तर ती त्याला डोक्यावर घेईल, आणि त्याला पहिल्यांदा कळेल की गाडी बिघडते म्हणजे नेमकं काय होतं. शर्यतीचे हंगाम शनिवार-रविवारचे असतात. परीक्षा आणि शर्यत एकाच आठवड्यात येतील तेव्हा भांडणं होतील, ती होऊ द्या.

मुला, आता तुझ्याशी. 'एफ१ नाही तर काहीच नाही' हे वाक्य १२व्या वर्षी शोभतं. १८व्या वर्षी तू ते म्हणालास की संघाचा मालक समजतो, हा पोरगा आपल्या गाडीत मन लावून बसणार नाही. तू तिसरा आलास ती शर्यत सोड. ज्या शर्यतीत दहावा आलास तिचा डेटा काढ आणि पहिल्या आलेल्याच्या शेजारी ठेव. तुझा वेळ कोणत्या वळणात जातो हे तुला एका वाक्यात सांगता येत नसेल, तर युरोपातला इंजिनिअरही तुझ्यासाठी काही करू शकणार नाही. पुढच्या हंगामात तुझ्या गाडीच्या दुरुस्तीचं बिल किती झालं हे वहीत लिहून ठेव. कमी बिल दाखवणारी वही चषकांच्या फोटोंपेक्षा लवकर काम देईल. आणि इंग्रजी बोलायला लाजू नकोस, मोडकं चालतं, फक्त गाडीबद्दल नेमकं बोलता आलं पाहिजे.

ताई, पैशाची एक मर्यादा घरात ठरवा, मुलाच्या समोर, कागदावर. बाग न विकता, कर्ज न काढता दोन वर्षांत जेवढं देता येईल तेवढी. त्यातून एक हंगाम भारतातला एफ४ पुन्हा करावा, कारण एकदा तिसरा येणं आणि वर्षभर पहिल्या पाचांत असणं यात फार अंतर आहे. उरलेल्या पैशातून आशियात एखाद्या जीटी संघाबरोबर एक-दोन दिवसांची चाचणी. तिथेही पहिल्या वर्षी पदरचे पैसे लागतात, हे लपवत नाही. फरक एवढाच की तिथे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पैशाचा ओघ उलटा फिरण्याची शक्यता असते. एफ४, एफ३, एफ२ या वाटेवर तो शेवटपर्यंत तुमच्याच घरातून वाहतो. दोन वर्षांत कुणीही, अगदी थोडंसुद्धा, त्याला गाडी चालवण्याचे पैसे दिले नाहीत, तर घरचे पैसे बंद. मग तो ट्रॅकवर मुलांना शिकवेल, पुण्या-चाकणला वाहन कंपन्यांत चाचणीच्या कामाला लागेल, करुण चंडोकसारखा बोलका निघाला तर समालोचनाकडे वळेल. त्यात कमीपणा नाही.

विम्याचंही बघा. नेहमीच्या आरोग्य विम्यात शर्यतीतली इजा बहुतेक वेळा धरत नाहीत. पॉलिसीतलं ते कलम शोधून वाचा आणि वेगळं संरक्षण घेतल्याशिवाय त्याला गाडीत बसू देऊ नका. रॉबर्ट कुबिका फॉर्म्युला १ ची शर्यत जिंकलेला माणूस, फेब्रुवारी २०११ मध्ये इटलीतल्या एका छोट्या रॅलीत रस्त्याकडेचं लोखंडी कठडं त्याच्या गाडीतून आरपार गेलं आणि उजवा हात कायमचा अधू झाला. तो रॅलीत परतला, २०१९ मध्ये फॉर्म्युला १ मध्ये परतला, आणि २०२५ मध्ये फेरारीच्या गाडीत ले मान्स जिंकला, शेवटचा लांबचा पल्ला स्वतः चालवून. हे ऐकून मुलाच्या अंगावर काटा येईल. तुम्ही मधल्या वर्षांचा दवाखाना कोणी भरला असेल याचा विचार करा.

राहिले मॅनेजर. ते वाईट असतील असं मी म्हणत नाही. त्यांना घरी चहाला बोलवा आणि कागद मागा. संघाने दिलेलं दरपत्रक, संघाच्याच लेटरहेडवर, त्यांच्या नव्हे. त्यात गाडी आपटली तर दुरुस्ती कोणाच्या खिशातून आणि त्याला वरची मर्यादा आहे का, हे लिहिलेलं हवं, नसेल तर तो आकडा उघडा आहे असं समजा. सरावाचे दिवस किती, टायरचे सेट किती, राहणं-प्रवास धरलाय की नाही. मॅनेजरचा वाटा किती टक्के, किती वर्षं, आणि तो संघाकडूनही काही घेतो का, हे त्यांनी तोंडी नाही, लिहून द्यावं. आणि गेल्या तीन वर्षांत त्यांनी युरोपात नेलेली मुलं आज कुठे आहेत, त्यांतल्या दोघांच्या पालकांशी तुमचं फोनवर बोलणं करून द्यावं. हे सगळं हातात येईपर्यंत इसाराला हात लावू नका. आलं, तर मला पाठवा. सहीच्या आधी पाठवा, नंतर पाठवून उपयोग नाही.